साठ डब्यांची ऑर्डर

रत्नपालला धंद्याचा पहिला धडा नव्या उद्योजकांच्या एका शिबिरात फुकट मिळाला, आणि फुकटचं त्याने जरा जास्तच मनावर घेतलं. टाय लावलेले सर म्हणाले होते, "गिऱ्हाइकाच्या मनात शंका यायच्या आत तिचं उत्तर तयार ठेवा." रत्नपालने हे वाक्य वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या. कुरिअर कंपनीतली बारा वर्षांची नोकरी सोडून त्याने नुकतेच घरगुती डबे सुरू केले होते. अन्नपूर्णा भागातलं राहतं घर, मागचं स्वयंपाकघर, आणि हात आईचा, म्हणजे कांताबाईंचा.

त्या हाताबद्दल काय सांगावं! साधी तुरीची डाळ केली तरी शेजारच्या मंजिरीकाकू वाटी घेऊन दारात उभ्या राहायच्या. नवरा, भाऊराव, महूच्या लष्करी छावणीत हवालदार होते, तेव्हा कांताबाईंनी आजूबाजूच्या सगळ्या बायकांना मसाला भाजायला शिकवला होता. भाऊराव गेले आणि कांताबाईंचं स्वयंपाकावरचं मनच उडालं. मुलाने डबे सुरू केल्यावर बाई पहाटे पुन्हा गुणगुणायला लागल्या. बघता बघता बावीस डबे झाले.

मग उदयसिंहजी आले. मुलांच्या वसतिगृहाचे मालक. रोज साठ डबे हवे होते. बोलणं पक्कं होता होता त्यांनी सहज विचारलं, "खाना कौन बनाता है, भिया?"

"पंडितानी है जी," रत्नपाल म्हणाला. "पुराने घर की."

त्या भल्या माणसाने जात विचारलीच नव्हती हो! ती आमच्या शहाण्याने आपणहून सांगितली, आणि तीही दुसऱ्याची. उदयसिंहजी म्हणाले, "बढ़िया. इतवार को आते हैं, रसोई भी देख लेंगे."

घरी येऊन रत्नपाल आईला म्हणाला, "आई, बस एक दिवस. तू महूला मावशीकडे जाऊन ये. मंजिरीकाकू ब्राह्मणच आहेत, त्या ओट्याशी उभ्या राहतील. धंद्यात करावं लागतं गं असं."

कणीक मळणारी कीर्ती, त्याची बायको, थांबली. "अहो, कुणाला काय बोलताय तुम्ही?"

रत्नपालने तिच्याकडे पाहिलं नाही. तो पुढच्या खोलीतल्या भिंतीकडे पाहत होता. तिथे बाबासाहेबांची तसबीर होती. घर घेतलं त्या दिवशी भाऊरावांनी सगळ्यात आधी तीच लावली होती. "आणि ते पण," तो चाचरत म्हणाला, "थोडा वेळ."

रविवारी पहाटे उठून कांताबाईंनी डाळ, भरली वांगी, पोळ्या सगळं करून झाकून ठेवलं. मग स्टुलावर चढून स्वतःच तसबीर उतरवली, पदराने पुसली आणि आपल्या धुतलेल्या साडीत गुंडाळली. रत्नपाल मदतीला पुढे झाला.

"तू हात नको लावू," त्या म्हणाल्या, आणि पिशवी घेऊन निघाल्या.

उदयसिंहजी बोटं चाटत जेवले. मंजिरीकाकू मान खाली घालून ओट्याशी उभ्या होत्या. ऑर्डर मिळाली. जाताना काकू रत्नपालला म्हणाल्या, "मला यासाठी परत बोलावू नको रे. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला."

संध्याकाळी कांताबाई परतल्या नाहीत. फोनवर म्हणाल्या, "राहते इथेच थोडे दिवस." थोडे म्हणजे किती, हे विचारायची रत्नपालला हिंमत झाली नाही. रुसली असेल, येईल, अशी त्याने मनाची समजूत घातली. साठ डबे समोर होते. दोघं नवराबायको चारला उठायचे. कीर्ती बिचारी मन लावून करायची, पण डाळीला ती चव काही येईना. डबे निम्मे भरलेलेच परत यायला लागले, आणि नवव्या दिवशी उदयसिंहजींचा फोन आला.

"भिया, पंडितानी बदल दी क्या? हमको तो पहले वाली के हाथ का चाहिए था. वो कौन है, कहाँ की है, इससे अपने को क्या? बच्चों को स्वाद से मतलब. अब कल से रहने दो."

फोन ठेवून रत्नपाल ओट्याशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. हे रडू ऑर्डरीसाठी नाही, असं त्याला स्वतःला तरी वाटलं. तसाच मोटरसायकल काढून तो महूला गेला.

मावशीच्या अंगणात कांताबाई लाल मिरच्यांची देठं काढत होत्या. रत्नपाल त्यांच्यासमोर जमिनीवरच बसला.

"आई, घरी चल. माझं चुकलं. तू नाहीस तर घर खायला उठतं गं."

कांताबाईंचे डोळे भरले. मिरचीचे हात पदराला पुसून त्यांनी त्याचा चेहरा ओंजळीत धरला. "किती वाळलास रे!" रत्नपालला वाटलं, आता सगळं नीट होणार.

"आणि ते साठ डबे?" त्यांनी विचारलं. "कीर्ती एकटी करतेय?"

"ती ऑर्डर सोडली मी," तो म्हणाला. "तुझ्यासाठी सोडली."

कांताबाईंनी हात मागे घेतले.

"सोडलीस, की गेली?"

रत्नपालला त्यांच्याकडे बघता येईना. त्यांनी सूप पुढे ओढलं आणि त्या पुन्हा देठं काढायला लागल्या.

"जेवून जा," त्या म्हणाल्या. "मावशीने केलंय."