नॉर्मल बाईचं गाऱ्हाणं

मला दम लागत नाही, छातीत कळ येत नाही, खोकला नाही. श्वास आत जातो, पण जिथे पोचला की जिवाला 'झालं' वाटतं, तिथपर्यंत तो जातच नाही. मग मी पुन्हा ओढते. दहादा ओढला की एखादा पोचतो, नाहीतर मोठी जांभई येऊन काम भागतं. आठ महिने मी हे लोकांना समजावत होते आणि लोक माझ्या जांभया मोजत होते.

मी गावची आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेतली आशा स्वयंसेविका. माझ्या पिशवीतच ऑक्सिमीटर असतो. बोट घातलं की अठ्ठ्याण्णव. एकदा चिडून बोट बदललं, तर नव्व्याण्णव. रत्नागिरीला जाऊन एक्स-रे, ईसीजी, रक्त, नळीत फुंकायची तपासणी, सगळं केलं. सगळं नॉर्मल. तिथले डॉक्टर मात्र भले होते. म्हणाले, "ताई, हंडा भरलेलाच आहे आणि तुम्ही वरून आणखी ओतताय. आधी सावकाश सोडा, घेणं आपोआप होईल." तसं केलं की कधी बरं वाटायचं, कधी नाही. हे मुळात का होतं ते त्यांनाही सांगता आलं नाही, आणि त्यांनी तसं कबूल केलं.

घरी कबुलीबिबुली काही नव्हती. नवरा, विनोद, मुंबईला नोकरीला. फोनवर म्हणाला, "रिपोर्ट नॉर्मल हाय ना? मग काय नाय तुला. डोक्यातून काढ." सासूबाई म्हणाल्या, "आमी चार पोरा वाडवली, श्वास मोजाया येळ नाय गावला." मी तरी काय बोलणार? गावातल्या बायकांचं पाठ दुखणं, मुंग्या येणं कागदावर दिसलं नाही की मीसुद्धा त्यांना 'मनाला लावून घेऊ नका' सांगून वाटेला लावायचे. करावं तसं भरावं.

बरं व्हायचं होतंच. पण त्याआधी कुणीतरी मला एकदा खरं मानायला हवं होतं. नाहीतर आपण सोंग करतोय हे मलाच पटायला लागलं होतं, आणि त्याची मला श्वासापेक्षा जास्त भीती वाटत होती.

शिमग्याला विनोद चार दिवस घरी आला. अकराच्या सुमाराला देवीची पालखी आमच्या ओटीवर बसली. मी देवीची ओटी भरली. आमच्याकडे घरधनी आपलं मागणं गावकराच्या कानात सांगतो, गावकर ते देवीपुढे मोठ्याने मांडतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला होकार भरतात. गावकर म्हणजे माझे चुलतसासरे, आत्मारामआबा. विनोद त्यांच्या कानाशी वाकला, आणि आबांनी हात जोडून सुरुवात केली.

"आज ह्या तुज्या लेकरान, विनोदान, तुजी पालखी घरात घेतलीन."

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्या लेकीला, आरोहीला, धाव्वीत चांगलं मार्क पडू देत."

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्या आयशीच्या गुडघ्यांना आराम दे."

"व्हय म्हाराजा!"

गुडघ्यांचा एक्स-रे खराब आला होता, म्हणून ते देवीपर्यंत पोचले. गाऱ्हाणं संपलं म्हणून आबा नारळ उचलायला वाकले तेव्हा माझा संताप झाला.

"आबा, माजा ऱ्हायला," मी म्हटलं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. घरातल्या सुनेने असं मध्येच बोलायची रीत नाही. विनोद दातांतून म्हणाला, "योगिनी, गप."

"काय सांगू गो तुजा?" आबांनी विचारलं.

"माजा श्वास पुरत नाय."

"दमा हाय?"

"नाय."

"मंग काय म्हनतत त्याला?"

"नाव नाय त्याला, आबा. डाक्टरलापन गावला नाय."

आबा पेचात पडले. तीस वर्षं ते गाऱ्हाणी घालतायत, पण बिननावाचं दुखणं त्यांच्यापुढे आलं नव्हतं. एवढ्यात, नको त्या वेळी, मला जांभई आली. चांगली जबडाभर. मागे कुणीतरी फिसकन हसलं. आबांनी तिकडे डोळे वटारले आणि पुन्हा हात जोडले.

"ह्या घरच्या सुनेला श्वास पुरत नाय, म्हाराजा. त्येचा नाव आमाला ठाव नाय, डाक्टराला ठाव नाय. पन ती म्हनते हाय, तर हाय."

"व्हय म्हाराजा!"

चाळीसेक माणसं एका दमात म्हणाली. हसणाराही म्हणाला. मला रडू फुटलं. ते सवयीने म्हणाले असतील, हे मलाही कळतं. आबा काहीही बोलले असते तरी ते व्हयच म्हणाले असते. असू दे. आठ महिने 'काय नाय' ऐकल्यावर मला तेवढंही पुष्कळ झालं.

डोळे पुसून मी विनोदकडे पाहिलं. त्याचं तोंड बंद होतं. मघाशी व्हय न म्हणणारा तो एकटाच होता.

पालखी उठली. एरवी विनोद पालखी नाचवायला सगळ्यांच्या पुढे. आज तो ओटीच्या पायरीवर बसून राहिला. मी गुलाल झाडायला लागले. चारचौघांत नाक कापलं म्हणून ओरडेल, असं वाटलं, आणि मीही दोन शब्द तयार ठेवले होते.

"मी व्हय बोललो नाय," तो म्हणाला.

"बगितला मी."

"कसा बोलू? तुला काय होता तेच मला म्हायती नाय." तो अंगणाकडे बघत होता. "फोनवर तू सांगत व्हतीस, तवा मी ऐकत नव्हतो. रिपोर्ट काय आला तेवढाच इचारत व्हतो."

माझा झाडू थांबला.

"आता सांग," तो म्हणाला. "पयल्यापासना सांग."

पुढच्या घरी ढोल वाजायला लागला होता. मी झाडू ठेवला, त्याच्या शेजारी बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.