शेपटीचा फोटो

"अहो, आत या ना बाप्पा. कान गळून पडतील," मी दाराच्या फटीतून म्हटलं.

"थांब. तो आता येऊन राहिला," हे वळूनही न बघता म्हणाले.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, कॅनडातल्या व्हिटबीतलं आमच्या लेकाचं, जयदीपचं बॅकयार्ड, आणि त्यात अडुसष्ट वर्षांचे आमचे गुणवंतराव. डोक्यावर जयदीपची टोपी, हातात जयदीपचाच जुना कॅमेरा. समोर साखरपाण्याची बाटली टांगलेली, बुडाशी प्लास्टिकची चार लाल फुलं असलेली. पाणी गोठू नये म्हणून बाटलीला माझा लोकरी मोजा चढवला होता. मला न विचारता.

इथले हमिंगबर्ड सप्टेंबरअखेर दक्षिणेला निघून जातात. पण हा एक पाच दिवसांपूर्वी आला आणि थांबला. अंगठ्याएवढा जीव. यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, हा इथला नव्हे; याच्या कुशी विटकरी आहेत, हा पश्चिमेकडचा, रुफस जातीचा, वाट चुकलेला. लायब्ररीतून पुस्तक आणून खात्रीही केली. मग दोन घरं सोडून राहणाऱ्या मार्गारेटला बोलावलं. ती इथल्या पक्षीमंडळाची जुनी सभासद. तिनं दुर्बीण लावली आणि गोड हसून म्हणाली, "इट्स अवर ओन बर्ड, डिअर. जस्ट लेट." रुफस म्हणायचं तर उघडलेल्या शेपटीचा फोटो हवा, बुडाशी विटकरी रंग दिसायला हवा. त्याशिवाय मंडळ नोंद घेत नाही.

ते 'डिअर' यांना लागलं. इतकं की जेवताना वरणभातावर तूप घ्यायचं विसरले.

तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. एक बाटली बाहेर, एक आत गरम होत असलेली, अर्ध्या तासानं अदलाबदल. मी रोज एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी उकळत होते. असलं पाणचट काही आजवर माझ्या हातून झालं नव्हतं. चारशे फोटो झाले. प्रत्येकात पक्षी बाटलीच्या कडीवर आरामात बसलेला, चोच फुलात, शेपूट मिटलेली. आणि पक्षी तर आज आहे, उद्या नाही.

"बाबा, लेट इट गो ना," जयदीप म्हणाला. "त्यांचा एक्स्पीरियन्स आहे. एका बर्डसाठी सिक पडाल."

"मला बरोबर दिसलं, जयदीप," हे एवढंच म्हणाले. लेकानंही विश्वास ठेवला नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

शुक्रवारी सकाळी सगळे फोटो पुन्हा बघता बघता हे एकदम थांबले. "राधा, फोटोत दोष नाही. पेशंटची पोझिशन चुकून राहिली."

हे नागपूरच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन होते. छातीचा फोटो काढताना पेशंटला खांदे पुढे घ्यायला लावले नाहीत, तर फुप्फुसावर हाडांची सावली पडते. मशीन कितीही चांगलं असो.

यांनी बाटली खाली घेतली. बसायची कडी काढून टाकली. चारपैकी तीन फुलांवर टेप चिकटवली आणि उरलेलं फूल असं वळवलं, की पिणाऱ्याची पाठ आमच्या दाराकडे यावी. "आता बसायले जागा नाही. उडतच पिईल, अन् मागं सरताना शेपूट पसरवील."

"अन् आलाच नाही तर?"

"भूक आहे त्याले. येतेच."

तो आला. बंद फुलांवर चोच मारून पाहिली, चिडून दोन घिरट्या घातल्या. मी ओला हात पदराला पुसायचं विसरून बघत राहिले. मग तो उघड्या फुलापाशी अधांतरी थांबला, प्यायला, मागे सरला. कॅमेरा एकदाच वाजला.

"एकच काढला?"

"एकच बस होते."

शेपटीचं पीस न् पीस वेगळं दिसत होतं. बुडाशी विटकरी, मग काळं, टोकाला पांढरं.

मार्गारेट आली. फोटो मोठा करून करून तिनं पाहिला. मग चष्मा काढून म्हणाली, "मिस्टर मेश्राम, आय वॉज राँग." मूठभर मांस चढलं ते माझ्या अंगावर. हे नुसते "टी?" म्हणाले.

शनिवारी बॅकयार्डात अकरा माणसं, प्रत्येकाच्या हातात लांबलचक लेन्स. कोण कुठे उभं राहील हे हेच सांगत होते, आणि जयदीप घाईघाईनं तळघराचा जिना चढत-उतरत त्यांच्यासाठी खुर्च्या काढत होता. मार्गारेटनं नोंदीचा छापील फॉर्म आणला होता. फोटो कोणी काढला, आणि खाली दुसरा रकाना: पक्षी ओळखला कोणी.

चौतीस वर्षं फोटो यांनी काढले आणि त्यात काय आहे ते डॉक्टरांनी लिहिलं. कितीतरी वेळा यांना आधी दिसलेलं असायचं; घरी येऊन गप्प बसायचे, तेव्हा मला कळायचं.

"दॅट्स यू टू," मार्गारेट म्हणाली आणि पेन पुढे केलं.

यांनी फॉर्म दोनदा वाचला. दोन्ही रकान्यांत सही केली, मराठीत, पूर्ण नावाची. चौकट लहान पडली, नाव बाहेर गेलं.

मार्गारेटनं मधल्या शब्दावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे.

"श्रावण," हे म्हणाले. "माय फादर."