दहा हजार वेळा खेळवलेली स्पर्धा

रश्मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची आणि नगरच्या बुद्धिबळ मंडळाची हिशोबी कामं फुकटात करून द्यायची. फुकटचं काम म्हणजे ताप, हे तिला आज पुरतं पटलं.

मुलांच्या स्पर्धेत राजूरच्या सृष्टीनं सगळेच्या सगळे डाव जिंकले होते. शेवटच्या डावात तर मंडळाचे सचिव वाल्मिकराव यांच्या मुलाला, पार्थलाच हरवलं होतं. राज्य स्पर्धेला एकच नाव जाणार, तेही आजच. आणि वाल्मिकराव अडून बसलेले, की पोरीनं कुणाकडून तरी चाली चोरल्या.

"मॅडम, हीच स्पर्धा कॉम्प्युटरवर दहा हजार वेळा खेळवा. बघू, पोरगी कितीदा जिंकते."

रश्मीनं खेळवली. सृष्टी तीनदा जिंकली.

"फक्त तीनदा! म्हणजे चोरीच. नाव कापा."

"अहो, लॉटरी लागलेल्या माणसाला चोर म्हणता का तुम्ही?" रश्मीचं डोकं फिरलं. "आणि कॉम्प्युटर खेळाडूची ताकद रेटिंगच्या आकड्यावरून धरतो. हिचं रेटिंग हजार, हे कुणी सांगितलं?"

"मीच टाकलं. रेटिंग नसलं की हजार टाकायचं, पद्धतच आहे आपली."

रश्मीनं कपाळावर हात मारला. "धन्य आहे! आकडा तुम्ही हवेतनं काढायचा, आणि पोरगी त्याच्यापेक्षा चांगली खेळली की ती चोर?"

सृष्टीचा बाप सहादू दाराशी तिची पिशवी धरून उभा होता. तो म्हणाला, "आमच्याकडं बाजाराला आलेल्या मान्साला धरून खेळती ती. रेटिंग कोन देनार?"

"ते काही नाही. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही," वाल्मिकराव म्हणाले.

आता मात्र रश्मीची सहनशक्ती संपली. "बरं. मग गेल्या वर्षीचीही खेळवू." गेल्या वर्षी पार्थ जिंकला होता. त्याची ती पहिलीच स्पर्धा, म्हणजे रेटिंग तेच, हजार. तिनं बटण दाबलं आणि स्क्रीन वाल्मिकरावांकडे वळवला. दहा हजारांत पार्थ एकदाही जिंकला नव्हता.

वाल्मिकराव ताडकन उठले. "माझा पार्थ चोरी करेल? अहो, वर्षभर रोज पटावर बसायचा तो! मी बसवायचो!"

"माजीबी बसायचीच की, अण्णा," सहादू म्हणाला.

कोपऱ्यात पटाशी बसलेला पार्थ बापाकडे बघत होता. वाल्मिकराव खाली बसले, राज्य स्पर्धेचा अर्ज पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि मान वर न करता म्हणाले, "पोरीचं पूर्ण नाव सांगा."