तिघांची मोरोक्को ट्रिप

निमिषचं ठरलं होतं ते असं: आई-बाबा दिवाळीला पुण्याहून आले की मोरोक्कोचे फोटो टीव्हीवर लावायचे, आणि फोटो दाखवता दाखवता दीप्तीबद्दल सांगून टाकायचं.

"मुद्दाम समोर बसवून सांगितलं की टेन्शन येतं त्यांना," ट्रिपमध्ये मेर्झुगाच्या वाळवंटात, वाळूत आडवा पडून तो म्हणाला होता. "फोटोत दिसलीस की आई आपणच विचारेल. मग सोपं जाईल."

दीप्तीला ते पटलं होतं. नागपूरहून जिऑलॉजी करून ती कॅनडात, निमिषच्याच सस्काटूनला, पोटॅशच्या खाणींच्या लॅबमध्ये लागली होती. आधी पुरावा ठेवावा आणि मग निष्कर्ष सांगावा, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. त्यांचं जमून दोन वर्षं झाली होती. "माझं काही नाही गं, घरचे जुन्या वळणाचे आहेत, वेळ लागेल त्यांना," हे निमिषचं वाक्य तिला पाठ होतं. आपलं गजभिये हे आडनाव ऐकून पुण्याच्या त्या घरात काय होईल, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. तोपर्यंत ट्रिपचे फोटो फेसबुकवर टाकायचे नाहीत, एवढंच त्याने सगळ्यांना बजावलं होतं. सगळे म्हणजे आणखी दोघंच: जाई आणि तिचा नवरा उन्मेष. सप्टेंबरात चौघांनी मिळून दहा दिवसांत कासाब्लांका ते माराकेश उरकलं होतं. गाडी, हॉटेलं, वाळवंटातले तंबू, सगळं दीप्तीने बुक केलं होतं.

दिवाळीतल्या त्या शनिवारी ती निमिषच्या घरी पोचली तेव्हा ड्राइव्हवेवरचा बर्फ नुकताच शोव्हलने काढलेला होता. इंजिन गोठू नये म्हणून गाडीच्या हीटरची वायर बाहेरच्या प्लगला लावून ती आत आली. दार निमिषनेच उघडलं.

"आई, ही दीप्ती. जाईची मैत्रीण."

जाईची. दीप्तीने बूट काढता काढता वर पाहिलं, पण तोवर तो बेसमेंटच्या पायऱ्या उतरायला लागला होता. असेल, ती मनाशी म्हणाली. कुठून तरी सुरुवात करायचीच.

खाली सोफ्यावर उन्मेष आणि जाई आधीच चिवड्याच्या वाट्या घेऊन बसले होते. जाईने तिच्याकडे बघून हात केला आणि लगेच नजर वाटीत घातली. अरुणाकाकूंनी, म्हणजे निमिषच्या आईने, दीप्तीला आपल्या शेजारी बसवून घेतलं. शशिकांतकाका टीव्हीच्या अगदी पुढ्यात खुर्ची टाकून बसले होते, विद्यार्थी पहिल्या बाकावर बसतो तसे.

पहिला फोटो फेस शहरातला. गच्चीवरून दिसणारे चामडं रंगवायचे हौद, आणि कठड्याशी निमिष, जाई, उन्मेष. हा दीप्तीनेच काढलेला.

"तिथे चामडं कमावतात, बरं का," काकू तिला समजावून सांगू लागल्या. "वास इतका भयंकर की पुदिना देतात नाकाला लावायला. आमच्या निमिषला दिवसभर जेवण गेलं नाही म्हणे."

"हो का," दीप्ती म्हणाली. ती त्या हौदांपर्यंत खाली उतरली होती. कातडं मऊ करायला कबुतरांची विष्ठा का वापरतात, हे तिने तिथल्या माणसाला खाणाखुणांनी विचारून घेतलं होतं. निमिष वरच थांबला होता.

फोटो सरकत राहिले. उंटावर तिघं. तोद्राच्या घळीत तिघं. जमिनीवर उघडून ठेवलेल्या ताजीनच्या मातीच्या भांड्याभोवती तिघं. आणि त्याच फोटोत उजवीकडे चौथं ताट होतं, ते मात्र अर्धवट कापलं गेलं होतं. दीप्ती शास्त्रज्ञासारखं बघत राहिली. एका फोटोत नसणं हा योगायोग. दहांत नसणं म्हणजे कुणीतरी बसून, एकेक करून, निवडून काढलं. घळीतला एक फोटो तर निमिषने स्वतः काढला होता, तिचा एकटीचा, आणि म्हणाला होता की हा मी फ्रेम करणार. तोही यात नव्हता.

"अरे, पण तुम्ही तिघंही फोटोत," काकूंनी विचारलं, "मग काढलाय कुणी?"

"ड्रायव्हरने," निमिष म्हणाला. "इद्रीस म्हणून होता. फोटोची फार हौस त्याला."

पुढच्या फोटोत वाळूच्या टेकडीवर तिघांच्या खांद्यांवर हात टाकून निळा फेटा बांधलेला एक माणूस हसत होता.

"हा कोण?"

"हा इद्रीस," उन्मेष बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"मग हा कुणी काढला?"

"उंटवाल्याने," जाई म्हणाली. "काकू, चिवडा काय झालाय हो! पोहे इथलेच?"

काकूंनी पोह्यांबद्दल सांगितलं, मग दीप्तीच्या हातावर थोपटून म्हणाल्या, "तूही जायला हवं होतंस गं यांच्याबरोबर. एवढी मजा केली पोरांनी."

दीप्तीने निमिषकडे पाहिलं. हीच वेळ होती; आईने दार ढकलून अर्धं उघडलं होतं. निमिषने रिमोटचं बटण दाबलं.

तेवढ्यात काकांनी टीव्हीशेजारच्या कपाटावरून एक दगड उचलला, दोन्ही हातांत, देवाची मूर्ती उचलावी तसा. काळा, मुठीएवढा, वर काटेरी किड्याची आकृती. "ट्रायलोबाइट! चाळीस कोटी वर्षांपूर्वीचा जीव. निमिषने आणलाय माझ्यासाठी, स्वतः खडकातून फोडून. जाई सांगत होती, तू यातलीच ना? बघ बरं."

दीप्तीने दगड हातात घेतला. बघायची गरज नव्हती. एर्फूदच्या रस्त्यावरच्या दुकानात निमिषने तो घेतला तेव्हाच तिने भिंग लावून त्याला त्यातले बारीक बुडबुडे दाखवले होते. "असू दे गं," तो हसला होता, "बाबांना काय कळतंय."

समोर काका वाट बघत होते. त्यांचा चष्मा नाकावर घसरला होता. निमिष त्यांच्या मागून डोळ्यांनी तिला खुणावत होता: बोल, छान आहे म्हण.

फोटोतून काढलं ते एक वेळ तिने गिळलं असतं. पण समोरच्या या माणसाने तिच्या हाती दगड दिला होता आणि खरं काय ते विचारलं होतं.

"काका, हा खडकातला नाही," ती म्हणाली. "रेझिन आणि दगडाची भुकटी साच्यात ओतून केलाय. हा काटा तुटलाय ना, त्या दुकानात ओळीने मांडलेल्या सगळ्यांचा हाच काटा इथेच तुटलेला होता. एकाच साच्यातले सगळे."

"कुठल्या दुकानात?" काकूंनी विचारलं.

"एर्फूदच्या. निळं दार होतं."

टीव्हीवर वाळू तशीच थांबून राहिली. जाईच्या हातातला चमचा वाटीतच राहिला.

"तू गेली होतीस," काकू म्हणाल्या.

"हो."

काकू दुखावतील, निदान आडनाव तरी विचारतील, असं तिला वाटलं. पण काकू मुलाकडे वळल्या. "चौघं गेलात तर चौघं म्हणावं रे. लपवायचं काय त्यात?" मग त्यांनी आवाज उतरवला. "काही असेल तर आत्ता सांग, निमिष. आम्ही काय वाघ आहोत का खायला?"

काका दगड विसरून मुलाकडे बघू लागले. दोन वर्षं ज्या घराची भीती दाखवली गेली, ते घर चिवड्याच्या वाट्या मांडीवर घेऊन समोर बसलं होतं आणि विचारत होतं.

"काही नाही गं आई," निमिष म्हणाला. "गाडीत एक सीट रिकामी होती. जाई म्हणाली हिला घेऊ, म्हणून घेतलं. उगाच तुमचा गैरसमज नको, म्हणून बोललो नाही."

"हो ना, जाई?" काकूंनी विचारलं.

जाईने उन्मेषकडे पाहिलं, उन्मेषने टीव्हीकडे. "हो, काकू. मीच म्हटलं."

काकूंनी श्वास सोडला. त्या सुटकेच्या श्वासात कसला राग नव्हता, उलट मायाच होती, आणि दीप्तीला तेच सहन होईना. "बरं, चला, पानं घेते," काकू उठता उठता म्हणाल्या. "दीप्ती, तूही जेवूनच जा हं."

"नको, काकू. सीट रिकामी नव्हती. ती गाडी मीच ठरवली होती." तिने दगड काकांच्या हातात परत दिला. "काका, खरा हवा असेल तर लॅबमध्ये आहेत. या कधीही, दाखवीन."

निमिष तिच्यामागे उठला नाही. रिमोट हातात घेऊन तो पुढचा फोटो शोधत होता, किंवा तसं दाखवत होता.

वर दाराशी ती बूट चढवत असताना जाई पायऱ्या चढून आली.

"दीप्ती, आम्ही काय करणार होतो, सांग ना? त्यानेच सांगितलेलं, आधी तिघं म्हणा, मग तो बघेल."

"कधी सांगितलं?"

"ट्रिपच्या आधीच," जाई म्हणाली, आणि आपण काय बोललो हे नंतर तिच्या लक्षात आलं.

म्हणजे मेर्झुगाच्या वाळूत तो जे बोलला, त्याच्या कितीतरी आधी. दीप्तीने दुसऱ्या बुटाची नाडी ओढली.

"तुझ्याकडेही फोटो असतील ना?" जाईने आवाज अगदी खाली आणला. "इतक्यात टाकू नकोस गं कुठे. काका-काकू आहेत तोवर."

"माझ्या कॅमेऱ्यातही तुम्ही तिघंच आहात," दीप्ती म्हणाली. "त्याला म्हण, खुशाल टाक."

बाहेर उणे वीस असावं. तिने वायर काढली, गुंडाळली, गाडी सुरू केली आणि काचेवरचा बर्फ खरवडायला लागली. बेसमेंटची खिडकी जमिनीलगत होती. आतला उजेड बर्फावर पडला होता, पिवळा, मग निळा, मग पुन्हा पिवळा. फोटो पुढे सरकत होते.