तलावाच्या दारात गुलाल

बहात्तरच्या दुष्काळात सोलापूर एकेका घागरीसाठी वणवण करत होतं आणि मी पोहण्याचा तलाव सांभाळत होतो. लोक रस्त्यात अडवून विचारायचे, "विरूपाक्षअण्णा, अजून पोहतात का तुमच्याकडं?" माझं डोकं फिरायचं. आमच्या क्रीडा मंडळाचा तलाव खाऱ्या विहिरीवर भरायचा आणि आठवड्याला रिकामा करायचा, अशी रीत होती. तालमीतले पैलवान अंगावरच्या तेलामातीसकट उड्या मारायचे, मग दुसरं काय होणार? त्यांना मागच्या दारानं आत सोडणारा आमचाच पहारेकरी होता, भीमा.

विहीर आटली तेव्हा मंडळाचे साहेब आले आणि उभ्याउभ्या सांगून गेले. आहे त्या पाण्यात महिना काढा. महिन्यानंतरच्या रविवारी मी येईन. वरून तळ दिसला तर तलाव चालू, नाही दिसला तर कुलूप, आणि तुम्ही सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला.

मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायकांची वेळ सांभाळणाऱ्या सावित्रम्मा म्हणाल्या, "अण्णा, ओरडून पाणी स्वच्छ होत न्हाय. नियम करा की." मग मी, त्या आणि भीमा, तिघांनी बसून नियम केला. घरून आंघोळ करून येईल तोच आत. तलावातून एक तांब्यासुद्धा काढायचा नाही. दारावर कोण, असं विचारल्यावर भीमा म्हणाला, "मी. सगळे पैलवान माज्याच वळकीचे हायत." म्हणूनच तर मला धास्ती होती. किल्ली दिली, पण मनातून दिली नाही.

महिनाभर आम्ही त्या पाण्याला तान्ह्या मुलासारखं जपलं. पहाटे धोतराच्या फडक्यानं वरची धूळ टिपायची, तुरटी फिरवायची, पाला पडला की काठीनं ओढायचा. पाणी गुडघाभर खाली गेलं, पण नितळ राहिलं. तळाची काळी रेघ दिसली की मला भूक लागायची. शनिवार आला तेव्हा मी इतका खुशीत होतो की सावित्रम्मांना चहा पाजला.

आणि संध्याकाळी हलगी ऐकू आली.

भीमाच्या धाकट्या भावानं, महिपतीनं, मैंदर्गीच्या जत्रेत शेवटची कुस्ती मारली होती. जिंकलेल्या पैलवानाला गुलालासकट आमच्या तलावात उडी मारायला लावायची, ही त्यांच्या तालमीची रीत. दरवर्षी मागून ढकलणारा भीमाच असायचा. ट्रकांमधून शेदीडशे माणूस उतरलं. खांद्यावर महिपती, डोक्यापासून पायापर्यंत लाल. एवढा गुलाल पाण्यात गेला की उद्या तळ कसला, पायरीसुद्धा दिसायची नाही.

"दादा, दार उगड," महिपती हसत म्हणाला.

भीमानं साखळी धरली होती. "आंगूळ करून ये."

"पानी कुटं हाय आंगुळीला?"

गर्दीतून कुणी ओरडलं, "तलावातली एक बादली काढ की."

"तुमाला एक काढली की उद्या शंबर जण काढतील," भीमा म्हणाला. त्यानं साखळीचा आणखी एक वेढा हाताला घेतला.

लोकांनी दार हलवायला सुरुवात केली. हलगी चढली. मी धावत जाऊन भीमाशेजारी दाराला पाठ लावली, आणि खरं सांगतो, मला वाटलं आता हा सोडणार. भीमानं मागं वळून एका पोराला घराकडं पिटाळलं. घर समोरच्या गल्लीत. थोड्या वेळानं त्याची बायको सारजाबाई डोक्यावर हंडा घेऊन आली. घरात तेवढंच पाणी होतं, आणि नळ परवा येणार होता.

भीमा साखळी माझ्या हातात देऊन बाहेर गेला. त्यानं हंडा उचलला. "ये. मी घालतो आंगूळ. तुजी रीत मोडायची न्हाय आन् माजं पानीबी नासायचं न्हाय."

महिपती खांद्यावरून उतरला, समोर येऊन वाकला. पहिली धार मानेवर पडली आणि लाल पाणी रस्त्यावर सांडलं. हलगी थांबली. महिपतीनं मान वर करून वहिनीकडं पाहिलं. ती नुसती हंड्याकडं बघत होती.

त्यानं भावाचा हात धरला. "ऱ्हाऊ दे, दादा. पोरं काय पितील?"

मग त्या पठ्ठ्यानं हंडा स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि गल्लीकडं निघाला. हलगीवाल्यानं पुन्हा हलगी वाजवायला घेतली, आणि अख्खी मिरवणूक त्या हंड्यामागं नाचत गेली. जिंकलेला पैलवान गुलालासकटच घरात शिरला, असं त्या वर्षी प्रथमच झालं. मी दाराला टेकून लहान मुलासारखा हसत होतो.

सकाळी साहेब आले. काठावर वाकून बराच वेळ बघत राहिले, मग संशयानं माझ्याकडं वळले. "खरं सांगा, चोरून नवं पाणी भरलंत ना?"

"तेच पाणी आहे, साहेब."

"मग राहिलं कसं असं?"

आयुष्यभर ज्याच्या नावानं मी शंख केला, त्या भीमाचं नाव सांगायला मी तोंड उघडलं. पण नुसतं नाव सांगणं मला थोडं वाटलं. शेवटी मी दाराशी जाऊन त्याला हाताला धरून आणलं आणि साहेबांपुढं उभं केलं.