एकोणीस नावांचा क्रॉस

इंग्लंडात, लंडनजवळच्या वॉटफर्डच्या पुढे, शेतांच्या मधोमध, आमचं भाड्याचं घर. घरासमोर चर्च आणि चर्चच्या आवारात दगडी क्रॉस. त्यावर पहिल्या महायुद्धात गेलेल्या गावातल्या एकोणीस मुलांची नावं, वयं आणि घरचा धंदा. ईशानी सहा महिन्यांची होती तेव्हा बाबा साताऱ्याकडून आले, आणि तिची प्रॅम ढकलत रोज त्या क्रॉसपाशी जायला लागले. एके दिवशी परत आल्या आल्या म्हणाले,

"मीनू, खाटकाच्या पोराचंसुद्धा नाव आहे गं. फक्त एकोणीस वर्षांचा."

बाबांचे आजोबा राणोजी त्याच महायुद्धात, इराकमधल्या बसऱ्याच्या लढाईत, इंग्रजांच्या बाजूनं लढताना गेले. प्रेत नाही, तारीख नाही. आमच्या गावात चावडीच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेली संगमरवरी पाटी आहे: या गावातून सेहेचाळीस गेले, नऊ मेले. नाव एकाचंही नाही.

बाबांनी तहसील कचेरीत बत्तीस वर्षं काढलेली. त्यांनी रीतसर अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, अर्जदाराची सही. सरकार तेच, लढाई तीच, तेव्हा क्रॉसवर राणोजींचं विसावं नाव कोरायला हरकत नसावी.

"बाबा, हे सरकारचं नसतं. गावानं वर्गणी काढून उभारलेलं असतं."

"मग आपण वर्गणी देऊ की!"

रविवारी प्रार्थनेनंतर आम्ही मिसेस हार्डिंगना गाठलं. चर्चचं सगळं त्याच बघतात. बाबांनी इस्त्रीचा शर्ट, टाय, वर माझ्या नवऱ्याचा, यतीनचा ढगळ कोट घातलेला. मी अर्ज इंग्रजीतून सांगितला. बाईंचे डोळे खरंच भरून आले.

"किती सुंदर! पण ही सगळी आमची मुलं, डियर. याच गावची. तुमच्यासाठी लंडनमध्ये कुठेतरी काहीतरी असेलच ना?"

"काय म्हणतायत बाई?" बाबांनी विचारलं.

ईशानी माझ्या खांद्यावर रडत होती. बाबा दोन्ही हात जोडून उभे होते, एखाद्या साहेबापुढे राहावं तसे. माझ्या तोंडून निघून गेलं, "कमिटीपुढे ठेवू म्हणतायत."

"मग पोच द्या म्हणावं."

कचेरीत कागद दिला की दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्यायचा, ही त्यांची जन्माची सवय. मी बाईंना म्हटलं, वडिलांना आठवण म्हणून तुमची सही हवीय. त्यांनी हसत सही केली, खाली तारीख घातली, शेजारी एक फूलही काढलं. बाबांनी तो कागद पासपोर्टमध्ये ठेवला.

सप्टेंबरात ते परत गेले. नोव्हेंबरात फोन आला. आवाजात नुसता उत्साह.

"अगं, पंचायतीनं माझा सत्कार केला! शाल, नारळ. पोच सगळ्यांनी पाहिली. आता नाव कोरल्याचा फोटो पाठव. सरपंच फ्रेम करून चावडीत लावणार आहेत."

यतीन म्हणाला, "क्रॉसचा फोटो दे इकडे. फोटोशॉपमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. म्हातारा खूश, गाव खूश."

"आणि मी?"

"तूच तर सुरुवात केलीस."

खरं होतं ते. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

रिमेंब्रन्स संडेला, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाच्या रविवारी, ईशानीला स्लिंगमध्ये बांधून गेले. पाद्र्यांनी एकोणीस नावं वाचली. प्रत्येक नावानंतर थोडं थांबत होते. विसाव्यापाशी कोणी थांबलं नाही. मिसेस हार्डिंगनी माझ्या कोटाला पॉपीचं लाल कागदी फूल लावलं. "तुझे वडील कसे आहेत? सच अ डियर मॅन." पोर माझ्या छातीशी इतकी शांत झोपली होती, की मला ओरडताही आलं नाही.

घरी येऊन फोन लावला.

"बाबा, त्या तेव्हाच नाही म्हणाल्या होत्या. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

पलीकडे टीव्हीचा आवाज होता. तो बंद झाला.

"सहीसुद्धा खोटी?"

"सही खरी होती. तुम्हाला आठवण म्हणून दिली त्यांनी."

मग बाबांनी विचारलं, "पोरीला दात आले का गं?"

"दोन आलेत. बाबा, मी सरपंचांशी बोलू का?"

"तू कुणाशी काही बोलायचं नाहीस." आवाज कचेरीतला झाला होता. "तिकडं धुकं फार आहे, फोटो नीट येत नाही, असं सांगतो मी. उन्हाळा लागेपर्यंत गाव विसरेल."

आणि त्यांनी फोन ठेवला.