कुंकवाचं बोट

उद्धवरावाचा राग एकदा सुटला की सुटला, हे कमलनगरात सगळ्यांना ठाऊक होतं. बारा वर्षं तो निमूटपणे झेलणारा माणूस मात्र एकच होता, गुरुपादय्या. लॉरी उद्धवरावाच्या नावावर असली तरी तिचा जीव अय्याच्या हातात. लिंगायतांच्या जंगम घरातला हा माणूस. कपाळाला विभूती, छातीवर इष्टलिंग, आणि डोकं सदा इंजिनात खुपसलेलं. स्टेशनावरचा माल खेडोपाडी पोचवणारी ती उघड्या हौद्याची जुनी लॉरी चालवायचा उद्धवराव, पण बिघडली की ती अय्याशिवाय दुसऱ्या कुणाला दाद देत नसे. सोमवार बसवण्णाचा, त्या दिवशी अय्या तिला हात लावायचा नाही. उन्हाळ्यापासून तर तो मधूनच एखाद्या रविवारी "जाऊन येतो, अण्णा" म्हणून निघायचा आणि मंगळवारी पायाला फोड घेऊन परतायचा. जात असेल कुठल्या मठाला, म्हणून उद्धवरावानं कधी विचारलं नाही.

त्या दसऱ्याला उद्धवरावाच्या डोक्यात एकच गाव होतं, चिंताकी. तिथं थोरला भाऊ हरिबा राहायचा. विहिरीच्या पाण्यावरून दोघांचं सात वर्षं बोलणं बंद. आणि आता त्याचाच निरोप आला होता, "दसऱ्याला ये. दीस मावळायच्या आत ये. संगं शीव ओलांडू, सोनं देऊ एकमेकाला." निरोप ऐकून उद्धवरावाचे डोळे भरून आले. अय्या मात्र खाली बघत राहिला. आपलं बरं झालेलं ह्याला बघवत नाही की काय, असं उद्धवरावाला उगाच वाटून गेलं.

दसऱ्याच्या सकाळी उद्धवरावानं गाडीला हँडल मारलं. गाडी ढिम्म. पुन्हा मारलं, दहादा मारलं, नवं धोतर घामानं चिंब झालं.

अय्यानं आधी भोंगा दाबला. वाजला. "बॅटरी चांगली हाय," तो म्हणाला. मग प्लगची तार काढून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून तांदळाच्या दाण्याएवढं दूर धरलं. वर टॉवेलचा आडोसा केला, कारण उन्हात ठिणगी दिसत नाही. "मारा हँडल." त्या फटीत निळी ठिणगी उडायला हवी होती. काहीच उडालं नाही. मग कॉइलची तार तशीच धरून पाहिली. तिथंही नाही.

"ठिणगीच न्हाई, अण्णा. दमानं घ्या. एकेक बघत जाऊ."

पण ऊन चढत होतं, चिंताकी दहा कोस, आणि दम हा शब्द उद्धवरावाच्या गावचा नव्हता.

"काल घोड्यावानी पळत होती की! तुमच्याबिगर कोण हात घालतंय तिच्यात?"

"कोणी न्हाई."

"मंग? माझं जाणं नको हाय तुला. निरोप आला तवाच तुझं तोंड बघितलं म्या. तूच कायतरी करून ठेवलायस!"

बारा वर्षांत तो अय्याला पहिल्यांदा 'तू' म्हणाला. तिथं जरी थांबला असता तरी निभावलं असतं. पण थांबेल तो उद्धवराव कसला!

"केलं नसशील तर लिंगाला हात लावून शपथ घे."

अय्याचा हात छातीकडं निम्मा गेला आणि खाली आला. इष्टलिंग हे त्याचं दैवत होतं. गाडीच्या भांडणात शपथेला काढायची ती वस्तू नव्हे. त्यानं पाना फडक्यानं पुसला आणि पेटीत जागच्या जागी ठेवला. "काळ्या डबीचं टोपण तेवढं उघडून बघायचं ऱ्हायलंय," इतकंच म्हणाला. मग खोलीतून झोळी घेतली आणि स्टेशनच्या रस्त्याला लागला.

उद्धवरावानं दातओठ खात ते टोपण उघडलं. ह्याच डबीतून ठिणगी एकेका प्लगला जाते. आत दोन बारीक पॉइंट एकमेकांना टेकून सुटतात तेव्हाच ठिणगी जन्मते; त्यांच्या मधोमध लाल काहीतरी वाळून बसलं होतं. कुंकू.

काल खंडेनवमी होती. अय्या आंघोळीला गेलेला, आणि उद्धवराव ताट घेऊन गाडीची पूजा करत होता. नुसतं बाहेरून कुंकू लावून काय उपयोग, ठिणगी जिथं जन्मते तिथंच गाडीचा देव, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं मोठ्या भक्तीनं टोपण उघडून कुंकवाचं ओलं बोट आत टेकवलं होतं. आणि विसरला होता.

त्यानं कुंकू खरवडलं, पॉइंट घासले. पहिल्याच हँडलला गाडी सुरू झाली.

डावीकडं स्टेशन, हाकेच्या अंतरावर. उजवीकडं चिंताकीचा रस्ता. जावं आणि अय्याचे पाय धरावेत, असं त्याला वाटलं, अगदी आतून वाटलं. पण लाज आडवी आली. अय्या जाऊन जाऊन जाणार कुठं, उद्या धरू पाय, असं मनाला सांगत त्यानं गाडी उजवीकडं घातली.

हरिबा शिवेवरच उभा होता. दोघं भाऊ गळ्यात पडून रडले. हरिबानं त्याच्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि मागं हौद्यात डोकावून बघितलं.

"अय्या कुठाय?"

"कामून?"

"कामून काय इचारतूस! त्यालाबी बोलावलंय म्या. उन्हाळ्यापासनं चारदा चालत आला माझ्या दारात. पयल्यांदा तर हाकलून दिलं. तरी आला. म्हणला, उद्धवअण्णा तुमच्याबिगर झुरायलाय. अन् मी आलो हे सांगू नका म्हणला, थोरल्याला आपसूक आठवण झाली असं वाटू द्या त्याला."

उद्धवरावाला पुढचं सोनं गोड लागलं नाही. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच तो निघाला. कमलनगरात अय्याची खोली उघडी होती, किल्ली खिळ्याला, पाने पेटीत ओळीनं. स्टेशनावर हमाल निंगप्पा भेटला.

"अय्या? गेले की कालच्या गाडीनं, विकाराबादकडं. लई वेळ त्या बाकावर बसले होते."

"काय बोलले का?"

"न्हाई. तुमची लॉरी सुरू झाल्याचा आवाज आला तवा उठून उभारले. रस्त्याकडं बघत ऱ्हायले. मग आवाज लांब लांब गेला, तवा बसले परत."

उद्धवराव त्या बाकावर टेकला. अय्यासाठी आणलेली आपट्याची पानं त्याच्या मुठीत तशीच होती.